मुलाच्या पगाराआधी घराचा हिशेब

वाचक लिहितात: मी इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये दोन मुलांसह राहते. पतीपासून वेगळी होऊन चार वर्षे झाली. एका केअर होममध्ये आठवड्याचे २५ तास काम करते आणि उरलेले युनिव्हर्सल क्रेडिटवर, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या सरकारी मदतीवर भागते. आम्ही तिघेही ब्रिटिश नागरिक आहोत. मुलाने यंदा जीसीएसई, म्हणजे सोळाव्या वर्षीची शालान्त परीक्षा दिली, मुलगी १२ वर्षांची आहे. मुलाला वीजकाम शिकायचे आहे आणि त्यासाठी कॉलेजमध्ये जागाही मिळाली आहे, पण तिथे जायला दोन बस बदलाव्या लागतात. मी बहिणीशी फोनवर पैशांच्या अडचणीबद्दल बोलत होते ते त्याने ऐकले, आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मी कॉलेजला जात नाही. गोदामात काम धरतो, नाहीतर अप्रेंटिसशिप, म्हणजे पगार घेत कामावर शिकणे, ते करतो." बहीण स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला असते, तिच्या मुलाला शाळेत जाण्याबद्दल आठवड्याला ३० पाउंड मिळतात. मी इथे चौकशी केली तर असे काही नसते म्हणून सांगतात. चाइल्ड बेनिफिटचे, म्हणजे मुलांसाठी मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचे एक पत्र आले होते, पण सोळा वर्षांनंतर पैसे बंदच होणार म्हणून मी ते तसेच ठेवून दिले. कॉलेजकडे मदत मागायचा मला संकोच वाटतो. मुलाला थांबवू की जाऊ देऊ?

सप्रेम नमस्कार,

आपला मुलगा ज्या निर्णयाला आला आहे त्यामागे अभ्यासाचा कंटाळा नाही, आईचा भार हलका करावा एवढीच इच्छा आहे. म्हणूनच तो निर्णय घाईने मान्य करू नये आणि घाईने मोडूनही काढू नये. त्याने मनाशी केलेला हिशेब अपुरा आहे, इतके मात्र त्याला दाखवून द्यायला हवे. त्या हिशेबात त्याचा पगार आहे, पण त्या पगारामुळे आपल्या खात्यातून काय कमी होईल ते नाही, आणि कॉलेजात राहिल्यास काय मिळू शकते तेही नाही. हा हिशेब आपण पुढे पूर्ण करू. त्याआधी एक काम आहे आणि ते याच आठवड्यात व्हायला हवे.

ठेवून दिलेले ते पत्र बाहेर काढावे. मूल सोळा वर्षांचे झाले की चाइल्ड बेनिफिट संपते, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. मूल मान्यताप्राप्त शिक्षणात किंवा प्रशिक्षणात राहिले तर चाइल्ड बेनिफिट ते २० वर्षांचे होईपर्यंत चालू राहू शकते, मात्र तो अभ्यासक्रम १९ वर्षे पूर्ण होण्याआधी सुरू झालेला किंवा निदान त्यात प्रवेश ठरलेला असावा लागतो. अभ्यासक्रम पूर्णवेळ असावा, म्हणजे आठवड्याला सरासरी १२ तासांपेक्षा जास्त शिकवणी किंवा कामाचा अनुभव असावा, आणि तो ए लेव्हल, टी लेव्हल (दोन्ही साधारण बारावीच्या तोडीचे) किंवा त्याच पातळीपर्यंतचा असावा. पदवी किंवा त्या वरची पातळी यात बसत नाही. आपल्या मुलाला मिळालेली जागा पूर्णवेळ असेल तर ती या व्याख्येत नक्की बसते. परंतु हे एचएमआरसीला, म्हणजे चाइल्ड बेनिफिट देणाऱ्या सरकारी करखात्याला, आपोआप कळत नाही. सोळावा वाढदिवस झाल्यानंतर येणाऱ्या ३१ ऑगस्टपर्यंत आपण काहीच कळवले नाही, तर मूल शिक्षणातून बाहेर पडले असे धरून पैसे थांबवले जातात. आपल्याला आलेले पत्र नेमके हेच विचारण्यासाठी होते. उत्तर ऑनलाइन किंवा एचएमआरसीच्या ॲपवरून देता येते आणि त्याला काही मिनिटे पुरतात. तारीख उलटून गेली असली तरी थांबू नये, कारण चाइल्ड बेनिफिटचा नवा दावा मागे जाऊन जास्तीत जास्त तीन महिन्यांचाच मान्य होतो आणि त्यापुढे गेलेला प्रत्येक आठवडा बुडतो.

हीच गोष्ट युनिव्हर्सल क्रेडिटलाही स्वतंत्रपणे कळवावी लागते. ही दोन वेगळी खाती आहेत आणि एकाला सांगितलेले दुसऱ्याकडे पोहोचेलच, यावर विसंबून राहता येत नाही. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये मुलासाठी मिळणारी रक्कम तो पात्र शिक्षणात असेल तर त्याच्या एकोणिसाव्या वाढदिवसानंतरच्या ३१ ऑगस्टपर्यंत चालू राहू शकते. आपल्या युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या जर्नलमध्ये कॉलेजचे नाव, अभ्यासक्रम आणि तो सुरू होण्याची तारीख लिहावी. पुढे कधी त्याने कॉलेज सोडले, तर तेही दोन्हीकडे लगेच कळवावे. न कळवता आलेले पैसे नंतर परत मागितले जातात, आणि एकदा खर्च झालेली रक्कम परत करणे आपल्यासारख्या घराला फार जड जाते.

आता बहिणीच्या ३० पाउंडांविषयी. त्या खरे सांगत आहेत आणि आपल्याला इथे मिळालेले उत्तरही खरे आहे. एज्युकेशन मेंटेनन्स अलावन्स, ज्याला सगळे ईएमए म्हणतात, तो भत्ता इंग्लंडमध्येही होता. काही भागांतल्या प्रयोगानंतर २००४ मध्ये तो इंग्लंडभर लागू झाला आणि घरच्या उत्पन्नानुसार आठवड्याला १०, २० किंवा ३० पाउंड थेट मुलाच्या खात्यात जमा होऊ लागले. हजेरी नीट असणे हीच मुख्य अट होती. २०१० मध्ये सरकारने तो बंद करण्याचे जाहीर केले, जानेवारी २०११ पासून नवे अर्ज थांबले, आणि त्याच वर्षीच्या शैक्षणिक वर्षापासून त्याच्या जागी सोळा ते एकोणीस वयोगटाचा बर्सरी निधी, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांसाठीचा मदतनिधी आला. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांनी मात्र ईएमए चालू ठेवला. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये तो आठवड्याला ३० पाउंड आहे, वेल्सने तो २०२३ मध्ये ४० पाउंडांवर नेला. म्हणून एकाच देशात राहणाऱ्या दोन बहिणींच्या मुलांना दोन वेगळे नियम लागू होतात.

मला या बदलाचे आजही वाईट वाटते, आणि ते केवळ रक्कम घटल्यामुळे नाही. ईएमएवर वर्षाला सुमारे ५६ कोटी पाउंड खर्च होत होते आणि त्याच्या जागी आलेला निधी सुरुवातीला १८ कोटींचा होता, हे खरेच. पण त्याहून मोठा फरक निराळाच आहे. पूर्वी उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर भत्ता मिळण्याचा हक्क होता. आता पैसे कॉलेजांकडे दिले जातात आणि कोणाला किती द्यायचे हे बऱ्याच अंशी कॉलेज ठरवते. याचा अर्थ जो मागतो त्याचाच विचार होतो, आणि जो संकोचाने गप्प राहतो त्याची गरज कोणाच्या कागदावर येतच नाही. आपल्यासारख्या स्वाभिमानी माणसांना ही व्यवस्था अडचणीत टाकते, म्हणून पुढचा भाग मी जरा सविस्तर लिहीत आहे.

बर्सरीचे दोन प्रकार आहेत. पहिला विशिष्ट गटांसाठी आहे आणि त्यात वर्षाला १,२०० पाउंडांपर्यंत मदत मिळू शकते. स्थानिक प्रशासनाच्या देखभालीखाली असलेली किंवा नुकतीच तिथून बाहेर पडलेली मुले, स्वतःचा उदरनिर्वाह स्वतः करत असल्याने स्वतःच्या नावावर युनिव्हर्सल क्रेडिट घेणारी मुले, आणि अपंगत्वाचा भत्ता व त्याच्या जोडीला युनिव्हर्सल क्रेडिट किंवा तत्सम मदत स्वतःच्या नावावर घेणारी मुले यात येतात. आपला मुलगा यांपैकी कशात बसत नाही, कारण युनिव्हर्सल क्रेडिट आपल्या नावावर आहे, त्याच्या नाही. आई-वडिलांशी संबंध तुटल्यामुळे एकटे राहणारे एखादे सोळा-सतरा वर्षांचे मूल आपल्या ओळखीत असेल, तर त्याला मात्र ही माहिती अवश्य द्यावी; अशा मुलांना आपण कशाला पात्र आहोत हे सांगणारे घरात कोणीच नसते.

दुसरा प्रकार आपल्यासाठी आहे. प्रवास, पुस्तके, अवजारे, सुरक्षेचे बूट, कामाचे कपडे, अभ्याससहल, जेवण अशा ज्या खर्चांमुळे मुलाला शिक्षणात राहणे कठीण होते, त्यांसाठी कॉलेज आपल्या निधीतून मदत करते. विद्यार्थी शैक्षणिक वर्ष सुरू होते त्या वेळच्या ३१ ऑगस्टला किमान १६ वर्षांचा आणि १९ वर्षांच्या आतला असावा लागतो. उत्पन्नाची मर्यादा आणि रक्कम प्रत्येक कॉलेजची वेगळी असते, पण युनिव्हर्सल क्रेडिट घेणारे एका पालकाचे घर म्हणजे हा निधी ज्यांच्यासाठी ठेवला आहे त्यांतलेच घर. मदत बहुधा रोख मिळत नाही. बसचा पास काढून दिला जातो, अवजारांची पेटी दिली जाते किंवा जेवणासाठी खात्यावर पैसे टाकले जातात. रोख मिळालीच तर ती मुलाच्या खात्यात जमा होते आणि हजेरीशी जोडलेली असते. या बर्सरीमुळे आपले युनिव्हर्सल क्रेडिट किंवा चाइल्ड बेनिफिट कमी होत नाही, याबद्दल मनात शंका ठेवू नये.

आपण संकोचाबद्दल लिहिले आहे. मदत मागणे म्हणजे हात पसरणे, असे आपल्या पिढीच्या मनावर बिंबलेले असते, आणि त्या संस्काराचा मी अनादर करणार नाही. पण कॉलेजमध्ये ज्या खिडकीपाशी आपण उभ्या राहाल, तिथे बसलेल्या व्यक्तीचे काम हा निधी पात्र विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवणे हेच आहे. तो याच वयाच्या मुलांसाठी सरकारने कॉलेजकडे दिलेला आहे आणि आपण भरत असलेल्या करातूनच आलेला आहे. आपण मागितला नाही तर तो आपल्या मुलासाठी राखून ठेवला जात नाही, दुसऱ्या कोणाकडे जातो. निधी मर्यादित असतो, त्यामुळे प्रवेशाच्या दिवशीच, निदान सप्टेंबरमध्ये तरी अर्ज दिलेला बरा. अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो, हे फार जण विसरतात आणि दुसऱ्या वर्षी मदत का थांबली असे विचारतात.

प्रवासाचा प्रश्न आपण वेगळा मांडला आहे, म्हणून त्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगते. इंग्लंडमधल्या प्रत्येक स्थानिक प्रशासनाला सोळा वर्षांवरील विद्यार्थ्यांच्या प्रवासाबाबतचे आपले धोरण दरवर्षी ३१ मेपर्यंत जाहीर करावे लागते. कोणाला सवलत, किती अंतरापासून, कोणत्या उत्पन्नापर्यंत, हे त्यात लिहिलेले असते. ते कौन्सिलच्या संकेतस्थळावर शोधावे. कौन्सिलकडून काही मिळाले नाही तर कॉलेजच्या बर्सरीतून पास मागावा, आणि अर्जात "दोन बस बदलाव्या लागतात" एवढेच न लिहिता महिन्याचा पास किती पाउंडांचा आहे तो आकडा लिहावा. आकडा दिसला की अर्जाचा विचार वेगळ्या रीतीने होतो.

जेवणाबद्दल थोडक्यात सांगायचे, तर कॉलेजमधल्या विद्यार्थ्यांनाही २०१४ पासून मोफत जेवण मिळू शकते, पण युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्या घरांसाठी वर्षाला ७,४०० पाउंड निव्वळ कमाईची मर्यादा आहे आणि २५ तासांच्या कामामुळे आपण तिच्या वर असाल. ही मर्यादा सप्टेंबर २०२६ पासून काढून टाकून युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्या सर्व घरांना हा लाभ देण्याचे सरकारने जाहीर केले आहे. तोपर्यंत जेवणाचा खर्चही बर्सरीच्या अर्जातच लिहावा.

आता तो हिशेब. हा भाग आपण एकट्या वाचू नये, मुलाला शेजारी बसवावे आणि कागदावर आकडे त्यालाच लिहायला सांगावेत. मी २०२५-२६ चे दर धरले आहेत. ते दर एप्रिलमध्ये बदलतात, त्यामुळे पुढे कधी हा हिशेब केला तर नवे दर पाहून घ्यावेत.

त्या दरांनुसार आपल्याला दोन मुलांसाठी चाइल्ड बेनिफिट मिळते, पहिल्यासाठी आठवड्याला २६.०५ पाउंड आणि दुसऱ्यासाठी १७.२५. मुलगा यातून बाहेर पडला की मुलगी पहिली ठरते, म्हणजे प्रत्यक्षात घरातून १७.२५ पाउंड जातात आणि ते महिन्याला जवळपास ७५ होतात. युनिव्हर्सल क्रेडिटमध्येही असेच घडते. दोन्ही मुले ६ एप्रिल २०१७ पूर्वी जन्मलेली असल्याने एकासाठी महिन्याला ३३९ आणि दुसऱ्यासाठी २९२.८१ पाउंड धरले जातात. मुलगा वगळला गेला की मुलीसाठी ३३९ राहतात आणि २९२.८१ जातात. दोन्ही मिळून आपल्या खात्यात महिन्याला सुमारे ३६८ पाउंड कमी येतील. अप्रेंटिसशिप ही चाइल्ड बेनिफिट आणि युनिव्हर्सल क्रेडिटच्या दृष्टीने शिक्षण मानली जात नाही, नोकरी मानली जाते, म्हणून गोदाम असो की अप्रेंटिसशिप, ही घट दोन्हीत सारखीच आहे.

दुसऱ्या बाजूला त्याचा पगार. अप्रेंटिसचे किमान वेतन २०२५-२६ मध्ये तासाला ७.५५ पाउंड होते. आठवड्याला ३० तास धरले तर २२६.५०, म्हणजे महिन्याला सुमारे ९८१ पाउंड. या रकमेवर त्याला आयकर किंवा नॅशनल इन्शुरन्स लागणार नाही. त्यातून घरची घट वजा केली की उरतात सुमारे ६१३, आणि त्यातूनच त्याचा प्रवास आणि डबा भागवायचा.

आता तो कॉलेजात राहिला असे धरू. घरचे ३६८ पाउंड टिकतात. पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलाला शनिवारी काम करता येते आणि तो शिक्षणात असेपर्यंत त्याची ती कमाई आपल्या युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये धरली जात नाही, चाइल्ड बेनिफिटलाही धक्का लावत नाही. आठवड्यातून आठ तास, त्याच ७.५५ च्या किमान दराने, म्हणजे महिन्याला सुमारे २६१ पाउंड त्याच्या हातात येतील. टिकलेले ३६८ आणि हे २६१ मिळून ६२९ होतात. अप्रेंटिसशिपच्या ९८१ मधून हे वजा केले तर दोन मार्गांत खरा फरक महिन्याला साधारण ३५० पाउंडांचा उरतो, आणि बर्सरीतून बसचा पास व अवजारे मिळाली तर तो आणखी खाली येतो. आपल्या मुलाने मनात धरलेला फरक ९८१ चा आहे. साडेतीनशे पाउंड आपल्या घराला लहान रक्कम आहे असे मी म्हणत नाही. पण शिक्षण सोडायचे की नाही हे ठरवताना त्याच्यासमोर खरा आकडा असला पाहिजे.

याच हिशेबातून गोदामाचे उत्तर मिळते. १८ वर्षांखालील कामगाराचे किमान वेतनही २०२५-२६ मध्ये ७.५५ च होते, म्हणजे किमान वेतनावर गोदामात तासाला मिळणारे पैसे अप्रेंटिसशिपइतकेच, घरची घट तेवढीच, आणि हाती कोणतेही कौशल्य नाही. अठरा वर्षांखालील मुलाला आठवड्याला ४० तासांहून जास्त काम देता येत नाही आणि रात्रपाळीही सर्वसाधारणपणे देता येत नाही, त्यामुळे जादा तास करून रक्कम वाढवण्याचा मार्गही बंद असतो. शिवाय इंग्लंडमध्ये २०१५ पासून १८ वर्षांपर्यंत कोणत्या ना कोणत्या शिक्षणात किंवा प्रशिक्षणात राहणे कायद्याने अपेक्षित आहे. ते पूर्णवेळ शिक्षण असेल, अप्रेंटिसशिप असेल, किंवा आठवड्याला २० तास वा अधिक कामासोबत अर्धवेळ शिक्षण असेल. नुसते गोदाम त्यात बसत नाही. या पर्यायाला माझे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे.

अप्रेंटिसशिपबद्दल मात्र मी तसे म्हणणार नाही. आपल्या समाजात कॉलेज वरचे आणि कामावर शिकणे खालचे अशी उतरंड मानली जाते, आणि वीजकामाच्या बाबतीत ती मुळीच लागू पडत नाही. वर्गात बसून मिळालेल्या डिप्लोमाने कोणी पूर्ण पात्र इलेक्ट्रिशियन होत नाही. प्रत्यक्ष कामावरचे मूल्यमापन आणि शेवटची एएम-टू ही प्रात्यक्षिक कसोटी लागतेच. अप्रेंटिसशिपमध्ये हे सगळे एकत्र येते. प्रशिक्षण पगाराच्या वेळेतच होते, त्याचे शुल्क मुलाला द्यावे लागत नाही, आणि साधारण साडेतीन ते चार वर्षांत तो पूर्ण तयार होतो. १९ वर्षे झाल्यावर आणि पहिले वर्ष संपल्यावर त्याला त्याच्या वयाचे किमान वेतन लागू होते, म्हणजे कमाईही वाढत जाते.

अडचण वेगळीच आहे. अप्रेंटिसशिप ही आधी नोकरी असते आणि ती देणारा मालक मिळावा लागतो. आपल्या पत्रात कोणत्या कंपनीने त्याला घेतले आहे असा उल्लेख नाही, त्यामुळे त्याच्यासमोर आज ती जागा नाही, फक्त ती मिळण्याची आशा आहे. त्या आशेवर हातातली कॉलेजची जागा सोडू नये. त्याने कॉलेज सुरू करावे, पहिल्या वर्षात मूलभूत काम शिकावे आणि त्याच वेळी आसपासच्या वीजकाम कंत्राटदारांकडे व सरकारच्या अप्रेंटिसशिप संकेतस्थळावर अर्ज करत राहावे. बऱ्याच कॉलेजांचे स्थानिक कंत्राटदारांशी संबंध असतात. विभागप्रमुखांना पहिल्याच महिन्यात सांगून ठेवावे की मला जागा हवी आहे. वर्षाच्या मध्ये किंवा शेवटी जागा मिळाली तर खुशाल जाऊ द्यावे. तेव्हा तो एक वर्ष शिकलेला असेल आणि मालकालाही तसाच मुलगा हवा असतो.

तो दिवस आला की एक गोष्ट पहिल्या पगाराआधी बोलून घ्यावी. पैसे त्याच्या खात्यात येतील आणि घट आपल्या खात्यात होईल. हे आधी बोलले गेले नाही, तर त्याला वाटेल की आपण कमावतो तरी आई अडचणीतच कशी, आणि आपल्याला वाटेल की त्याला कसे सांगावे. पगारातून किमान ३६८ पाउंड घरात आले तर घर आहे तिथेच राहते, ही ओळ त्या कागदावर त्याच्याच अक्षरात असू द्यावी. त्याहून जास्त किती द्यायचे ते त्याला ठरवू द्यावे. कौन्सिल टॅक्सचा, म्हणजे घरावरच्या स्थानिक कराचाही एक बारकावा लक्षात ठेवावा: घरात एकच प्रौढ म्हणून मिळणारी २५ टक्के सूट मुलगा १८ वर्षांचा झाल्यावर जाऊ शकते. तो पूर्णवेळ शिकत असेल तर तो मोजला जात नाही, पण अप्रेंटिस असेल आणि आठवड्याला १९५ पाउंडांपेक्षा जास्त कमावत असेल तर मोजला जातो.

समजा तो कॉलेज सोडून बाहेर पडला आणि मध्ये काही आठवडे काहीच नसले, तर तेव्हाही एक आधार आहे. १८ वर्षांखालील मुलाने शिक्षण सोडून सरकारमान्य करिअर सेवेकडे काम किंवा प्रशिक्षणासाठी नाव नोंदवले, तर चाइल्ड बेनिफिट २० आठवडे पुढे चालू ठेवण्याचा अर्ज करता येतो, पण तो तीन महिन्यांच्या आत करावा लागतो.

हे सदर वाचणाऱ्या इतर काही घरांसाठी दोन गोष्टी जोडते. ज्यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधी घेता येणार नाही अशी अट आहे, त्यांनी चाइल्ड बेनिफिट किंवा युनिव्हर्सल क्रेडिटचा दावा करू नये, कारण ते त्या निधीत मोडतात आणि चुकीच्या दाव्याचा परिणाम पुढच्या व्हिसावर होऊ शकतो. कॉलेजचे शिक्षण मात्र त्या यादीत नाही. मुलाच्या जागेचा खर्च सरकार उचलत असेल तर बर्सरीबद्दल कॉलेजला विचारावे, निवासाच्या अटी ते तपासून सांगतात. दुसरी गोष्ट चाइल्ड ट्रस्ट फंडाची. १ सप्टेंबर २००२ ते २ जानेवारी २०११ या काळात जन्मलेल्या ज्या मुलांसाठी तेव्हा इथे चाइल्ड बेनिफिट चालू होते, त्यांच्या नावाने सरकारने खाते उघडून त्यात पैसे घातले होते. सोळाव्या वर्षी त्या खात्याचा कारभार मुलाला हाती घेता येतो आणि अठराव्या वर्षी पैसे काढता येतात. खाते कुठे आहे हे एचएमआरसीकडून विनामूल्य कळते, त्यासाठी कोणालाही शुल्क देऊ नये. आपले स्वतःचे चाइल्ड बेनिफिट मुलाच्या जन्मानंतर केव्हा सुरू झाले होते ते आठवून पाहावे. त्या काळातले असेल तर मुलाच्या नावावर असे खाते असू शकते.

कॉलेजला जाताना गेल्या तीन महिन्यांची युनिव्हर्सल क्रेडिटची विवरणे, आपल्या पगाराच्या पावत्या, बसच्या पासाची किंमत आणि अवजारांची यादी सोबत न्यावी. मुलाचे स्वतःच्या नावाचे बँक खाते नसेल तर ते आधी उघडावे, कारण बर्सरीसाठी कॉलेजे बहुधा तेच मागतात. अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी मागावे आणि कॉलेजच्या अपिलाची पद्धत विचारावी. पहिला नकार काही वेळा अपुऱ्या कागदपत्रांमुळे आलेला असतो. आणि बोलायचा संकोच वाटला, तर तिथे मुलाला बोलू द्यावे. बर्सरी त्याच्या नावाची आहे, अर्ज त्याचा आहे, आणि घरासाठी काहीतरी करायची त्याची इच्छा या अर्जापासूनच सुरू होऊ शकते.